बुद्धिबळाव्यतिरिक्त दुसऱ्या क्षेत्रातही खरोखर अव्वल ठरलेला ग्रँडमास्टर कोण?

माझ्या मते या प्रश्नाला सर्वांत योग्य नाव लेनिनग्राडच्या मार्क तैमानोव (1926–2016) यांचे आहे. ते 1956 मध्ये सोव्हिएत विजेते झाले आणि सिसिलियन बचाव या डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीतील एक महत्त्वाचा प्रकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. परंतु त्याच काळात ते व्यावसायिक पियानोवादकही होते. पत्नी ल्युबोव ब्रुक यांच्यासह ते दोन पियानोंवर मैफली करीत, आणि या जोडीचे ध्वनिमुद्रण पुढे ‘फिलिप्स’ या ध्वनिमुद्रण कंपनीने विसाव्या शतकातील थोर पियानोवादकांच्या मालिकेत समाविष्ट केले, हा मान कोणा हौशी वादकाला मिळणारा नव्हे. लहानपणी, 1936 च्या एका चित्रपटात त्यांनी व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाची भूमिकाही केली होती.

बुद्धिबळ खेळताना संगीतापासून आणि पियानो वाजवताना बुद्धिबळापासून विश्रांती मिळते, असे ते सांगत. मात्र 1971 मध्ये व्हँकुव्हर येथे अमेरिकन ग्रँडमास्टर बॉबी फिशरकडून 6–0 असा पराभव झाल्यावर दोन्ही क्षेत्रांना एकदमच फटका बसला. परतताना सामानात बंदी असलेली कादंबरी सापडल्याचे निमित्त झाले (सोव्हिएत अधिकाऱ्यांचा खरा राग पराभवाचाच होता, हे उघड आहे) आणि परदेश प्रवासाबरोबर त्यांच्या मैफलीही काही काळ बंद करण्यात आल्या. पटावरील हार पियानोवादकाला भोगावी लागल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. पुढे निर्बंध उठले, ते पुन्हा स्पर्धांमध्ये उतरले आणि वयाच्या 78 व्या वर्षी जुळ्यांचे वडीलही झाले.