बासचा रॉड आणि कृष्णाकाठ : वाचकांचे प्रश्न

अलीकडे या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी अमेरिकेतील बास माशाच्या गळ-मासेमारीविषयी आहेत. मोबाइलवर तिथल्या चित्रफिती पाहून सातारा-सांगलीच्या तरुणांना ती साधने, त्या होड्या आणि ते डावपेच आपल्या नदी-धरणांवर वापरून पाहावेसे वाटू लागले आहेत. त्यात वावगे काही नाही. मात्र त्यातले इथे काय चालेल आणि काय मुळीच आणू नये, याची निवड आधी करावी लागते. पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

‘बास फिशिंग’ म्हणून विकला जाणारा एक संच ऑनलाइन पाहिला. त्यात सात फुटी रॉड, बेटकास्टिंग रीळ आणि फ्लुरोकार्बनची दोरी आहे. मी सुट्टीच्या दिवशी प्रीतिसंगमाच्या खालच्या अंगाला बसतो. हा संच घ्यावा का? — एक शिक्षक, कराड

रॉड जरूर घ्यावा. पण आयुष्यातले पहिलेच रीळ असेल तर ते बेटकास्टिंगचे नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. बुडालेले झाड, पाणगवत, धक्क्याचा खांब अशा आडोशाला तो दबा धरून असतो आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. त्याच्यासाठी घडवलेली सगळी साधने या एका सवयीतून निघाली आहेत : आमिष नेमके आडोशाच्या तोंडाशी पडले पाहिजे आणि मासा लागल्यावर त्याला पुन्हा आत शिरू न देता बाहेर काढता आले पाहिजे. पेंडीचा किंवा कणकेचा गोळा लावून रोहू, मृगळ, सिप्रिनसची वाट पाहत काठावर बसणाऱ्याला यातली एकही गरज नसते. तेव्हा आपण कोणत्या माशामागे आहोत, हे आधी ठरवावे. गोळ्यावरच बसणार असाल तर या संचावर पैसे घालू नयेत. मरळ, शिवडा असे शिकारी मासे हवे असतील तर रॉड उपयोगी पडेल.

बेटकास्टिंग रिळात फेकीबरोबर स्पूलच, म्हणजे दोरी गुंडाळलेले चाकच, फिरते. ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, हवेत मंदावले तरी स्पूल आपल्या वेगात फिरत राहते, आणि अंगठ्याने वेळीच दाब दिला नाही तर सैल दोरी आत फुगून असा गुंता होतो की उरलेली संध्याकाळ तो सोडवण्यातच जाते. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर राहून दोरी नुसती उलगडत जाते, शिवाय हलकी ल्यूरही लांब जाते. २५०० किंवा ३००० मापाचे स्पिनिंग रीळ आपल्याकडच्या बहुतेक कामांना पुरते.

दोरीबाबत दुकानदार ग्राहकाला उगाच घाबरवतात. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते हे खरे आहे, कारण दोरीचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, पाण्याच्या जितका जवळ तितकी ती कमी दिसते : पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे. पण हा फरक कामाला येतो तो नितळ पाण्यात. कराडच्या खाली वर्षातले कित्येक महिने पाणी गढूळच असते. तिथे महागडी अदृश्य दोरी कोणापासून लपवायची आहे? आपली तंगुसाची, म्हणजे एकपदरी नायलॉनची, दोरी ताणली जाते, म्हणून मोठ्या माशाचा पहिला हिसका ती सोसते. तोच ताण लांबवर लागलेल्या माशाला गळ नीट रुतू देत नाही. विणलेली ब्रेड दोरी जवळपास ताणलीच जात नाही आणि ३० पौंडी (म्हणजे तेवढा भार पेलणारी) ब्रेड साधारण ८ पौंडी तंगुसाइतकीच जाड असते. माझा सल्ला असा, की रिळावर ३० पौंडी ब्रेड भरावी आणि टोकाला दीड-दोन हात तंगूस किंवा फ्लुरोकार्बन जोडावे. खडकावर घासली की ब्रेड लवकर तुटते. तो घासा हे टोक आपल्या अंगावर घेते.

उन्हाळ्यात सांगलीवाडीपासून हरिपूरपर्यंत जलपर्णी पसरते. गळ टाकला की पर्णीच वर येते. बासवाले हिरव्या गालिच्यावरून बेडूक ओढतात, तसे इथे जमेल का? — एक वाचक, सांगली

जमेल. बासच्या साऱ्या शास्त्रातून आपल्या कामाची एकच गोष्ट उचलायची म्हटली तर मी हा पोकळ रबरी बेडूकच उचलीन. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पर्णीवरून सरकतो, अडकत नाही. माशाने जबड्यात दाबला की पोकळ अंग चेपते आणि गळांची टोके उघडी पडतात.

अमेरिकेत हा बेडूक बाससाठी आहे, इथे तो मरळसाठी आहे. आणि माझ्या मते मरळ या आमिषाला बासपेक्षाही योग्य मासा आहे. त्याला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही, श्वास घ्यायला तो पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर येतो. जलपर्णी सलग असेल तर तो तिच्यातल्या उघड्या खिडक्यांशी येतो. म्हणून आल्या आल्या बेडूक फेकू नये. काठावर शांत उभे राहून कुठे पर्णी आतून हलते, कुठे ‘बुळुक’ असा आवाज होतो, ते पाहावे. त्या जागेच्या दोन-तीन हात पलीकडे बेडूक टाकावा, दोन टिचक्या देऊन खिडकीपर्यंत आणावा आणि तिथे थांबवावा. नवखे लोक थांबवत नाहीत, ओढतच राहतात.

मरळ उसळला की पाणी फुटते आणि हात आपोआप मागे जातो. नेमका तेव्हाच हिसका दिला तर बेडूक रिकामा परत येतो, कारण माशाने तो अजून तोंडात धरलेला नसतो. दोरीला वजन लागेपर्यंत थांबावे आणि मग पूर्ण जोराने हिसका द्यावा. मरळाचा जबडा कठीण असतो, हलक्या ओढीने गळ रुतत नाही. इथे ३० पौंडी दोरी चालत नाही. रॉड ताठ हवा आणि ब्रेड ५० ते ६५ पौंडी हवी, कारण माशाबरोबर पर्णीचा भाराही ओढून आणावा लागतो.

मासा पृष्ठभागाच्या खाली असेल तर प्लॅस्टिकचा लवचीक किडा वापरतात. त्याची गळ लावण्याची टेक्सास पद्धत शिकून घ्यावी : दोरीवर पुढे गोळीच्या आकाराचे शिसे, आणि गळाचे टोक किड्याच्याच अंगात दडवलेले. झुडपांतूनही तो सहसा अडकत नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा एकवटून वर येताना दिसला तर त्याच्याखाली राखण करणारे आई-बाप असतात. ते चिडून बेडकावर झडप घालतातच, पण ते उचलले की मागे उरलेला थवा इतर मासे संपवतात. अशा थव्यावर गळ टाकणाऱ्याला मी मासेमार म्हणत नाही. दुसरी गोष्ट, चित्रफितीतल्याप्रमाणे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहू नये. भिलवडी-औदुंबरपासून खाली कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. सराव काठावरूनच करावा, तोही पाण्याच्या कडेपासून मागे राहून.

आमचे बामणोलीच्या बाजूला कृषी पर्यटन केंद्र आहे. पाहुण्यांसाठी बास बोट आणावी असा विचार आहे. — एक उद्योजक, सातारा

कल्पना आकर्षक असली तरी ती बाजूला ठेवावी, असे मी म्हणेन. १९४८ च्या सुमारास लुइझियानात पहिली बास बोट बांधली गेली ती उथळ, झाडाझुडपांच्या पाण्यात एकट्या-दुकट्याला फेक करता यावी म्हणून. आज ती अठरा-वीस फुटी, दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनाची आणि पुढच्या टोकावर पायाने चालणाऱ्या विजेच्या मोटारीची झाली आहे, कारण तिथल्या स्पर्धांत एका दिवसात मैलोगणती पाणी पालथे घालावे लागते. आपल्या पाहुण्याला एका खाडीत निवांत दोन तास हवे असतात. त्याला हे इंजिन कशाला?

शिवाय शिवसागर जलाशयाचा काठ बऱ्याच ठिकाणी अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे. तिथे वन विभागाची आणि जलसंपदा विभागाची परवानगी हा पहिला प्रश्न आहे, होडी हा नंतरचा. मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर तिच्याशी लेखी बोलणे करावे. खरे तर त्या संस्थेच्याच सभासदाची होडी आणि त्याचे वल्हे भाड्याने घ्यावे; वारा कुठून फिरतो हे त्याला कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त कळते.

मोटार हवीच असेल तर साध्या होडीला मागे लावायची लहान विजेची मोटार पुष्कळ झाली. हिशेब सोपा आहे. १०० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी ५० अँपिअर ओढणाऱ्या मोटारीवर कागदोपत्री दोन तास चालते. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, त्यामुळे पूर्ण वेगाने एकच तास धरावा. मंद वेगात तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ चालते. परतताना वारा समोरून येणार असेल तर अर्ध्याहून अधिक वीज राखून ठेवावी आणि वल्ही सोबत असावीतच. प्रत्येक माणसाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, बाकाखाली नव्हे. आपल्याकडे लोक गुळाच्या काहिलीतूनही नदी पार करत आले आहेत, पण त्या धाडसाचे पर्यटन करू नये.

धोमला मासे कुठे असतील ते कळावे म्हणून फिश फाइंडर घ्यावा का? — एक वाचक, वाई

काठावरून मासेमारी करणाऱ्याने घेऊ नये. मे महिन्यात जाऊन धरण डोळ्यांनी पाहून घ्यावे, ते जास्त उपयोगी पडते.

बासचे डावपेच पाण्याच्या तापमानावर बेतलेले आहेत. पाणी साधारण १५ ते २४ अंशांवर आले की तिथे बास विणीसाठी उथळात येतो आणि वसंतातले सगळे आडाखे त्यावरून बांधले जातात. आपल्याकडे ते वेळापत्रक निरुपयोगी आहे. आपले वर्ष पाण्याच्या पातळीवर चालते : जून ते सप्टेंबर धरण भरते आणि मेपर्यंत उतरत जाते. उतरलेल्या पाण्यात जुने बांध, ओढ्याचे पात्र, झाडांची खोडे, एखाद्या उठलेल्या गावाच्या पायऱ्या उघड्या पडतात. तेव्हा काठाने चालत फोटो काढावेत आणि न हलणारी खूण धरावी, उदाहरणार्थ समोरच्या डोंगराची एखादी घळ आणि अलीकडचे झाड एका रेषेत. नोव्हेंबरात त्याच जागेवर दोन-तीन पुरुष पाणी असते आणि खोडाच्या सावलीला मासा असतो. जुना ओढा धरणात उतरतो ती कड मी सर्वांत आधी तपासतो.

वेळ पहाटेची किंवा दिवे लागणीपूर्वीची. भर दुपारी घरी जेवावे.

शेततळ्यात बासचे बीज सोडले तर हौसही होईल आणि विक्रीही. बीज कुठे मिळेल? — एक शेतकरी, इस्लामपूर

मिळत असले तरी आणू नये. या प्रश्नावर मी मवाळ उत्तर देणार नाही.

जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, आणि २००५ पासून तिथे कायद्याने त्याला घातक परकीय प्रजाती ठरवून त्याचे पालन, वाहतूक आणि सोडणे यांवर निर्बंध घालावे लागले. बिवा सरोवराच्या प्रांतात तर पकडलेला बास परत पाण्यात सोडण्यासही मनाई आहे. गंमत अशी की १९३२ च्या जॉर्जियातील सुमारे दहा किलोच्या विक्रमाशी बरोबरी करणारा बास २००९ मध्ये याच बिवा सरोवरात मिळाला. म्हणजे मासा तिथे किती सुखाने रुजला असेल याची कल्पना यावी. ग्वातेमालातील आतित्लान सरोवरात बास सोडल्यानंतर तिथला, जगात इतरत्र कुठेही नसलेला पाणबुडी जातीचा पक्षी कायमचा नष्ट झाला. त्याला इतर कारणेही होती, पण त्याचे अन्न आणि पिले खाणारा बास हे त्यातले मोठे कारण होते.

शेततळे कुंपणात आहे, असे आपण म्हणाल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वाळवा तालुक्यातील कुंपणे कुठे होती, हे आपण पाहिलेच आहे. चिलापी अशीच पसरली आणि बंदी असलेला परदेशी मांगूरही अशाच वाटांनी ओढ्यांत उतरला. रोहू, कटला, मृगळ यांचे प्रमाणित बीज घ्यावे. हौसेसाठी त्यातला कटला पुरेसा दांडगा आहे.

आम्ही कोयनेच्या खालच्या पात्रात खडस (महसीर) पकडून सोडून देतो. काही मासे सोडल्यावर उलटे होतात. बासवाले मासे कसे जगवतात? — एक वाचक, पाटण

अमेरिकेतल्या बास स्पर्धांत मासे जिवंत परत सोडण्याचा आग्रह १९७२ पासून धरला गेला, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्यांची एक सवय उचलू नये. बासचा खालचा जबडा अंगठ्यात धरून त्याला लटकवतात. खडसाचे तोंड मऊ आणि पुढे लांबणारे असते, त्याला तसे धरले तर इजा होते. (मरळाला तर तसे धरूच नये, दात आहेत.) हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. एक हात शेपटीच्या देठाला, दुसरा पोटाखाली, आणि मासा शक्यतो पाण्यातच आडवा.

उलटे होण्याचे मुख्य कारण लांबलेली झुंज आणि गरम पाणी हे आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. एप्रिल-मेच्या दुपारी हलक्या दोरीवर मोठा खडस अर्धा तास खेळवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दोरी जाड ठेवावी आणि मासा लवकर जवळ आणावा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे, मागे-पुढे हलवू नये. तो स्वतःहून शेपटी मारून निघेपर्यंत हात काढू नये. धरणातून विसर्गाचा भोंगा वाजला तर मात्र जे असेल ते सोडून आधी काठ चढावा.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासे फारसे सुटत नाहीत आणि गळ एका हालचालीत निघतो. गळ घशात खोल गेला असेल तर तो उपसत बसू नये. दोरी गळाजवळ कापून मासा सोडावा. त्यासाठी गळ साध्या लोखंडी तारेचे वापरावेत, स्टेनलेसचे नव्हेत, म्हणजे आत राहिलेला गळ गंजून गळून पडण्याची शक्यता तरी राहते.