फुरशाच्या बिळावरचं बाळ

प्रिय बाळा,

रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत बायबलचं पहिलं वाचन चालू असताना तू उठून बाहेर गेलीस, ते मी मागच्या बाकावरून पाहिलं. रात्री तुझा मेसेज वाचला तेव्हा कारण कळलं. भातकापणीच्या दिवसांत पाड्यावरून आणलेलं सहा वर्षांचं पोर तुझ्या नाइट ड्यूटीत गेलं. फुरसं चावलं होतं. आणि इकडे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ११वा अध्याय वाचला जात होता: मसीहाच्या, म्हणजे देवाने पाठवलेल्या तारणाऱ्याच्या राज्यात लहान मूल फुरशाच्या बिळात हात घालील आणि त्याला काही इजा होणार नाही. तू विचारलंस, "टीचर, हे ऐकून ‘देवाला धन्यवाद’ कसं म्हणायचं?"

दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही. घाईघाईने दिलेलं सांत्वन तुला नकोच असतं, हे तू लहान असल्यापासून मला ठाऊक आहे.

आधी यशयाचं बघ. त्याच्या काळात अश्शूरच्या फौजा गावंच्या गावं उजाड करत होत्या. इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेचं राज्य बुडालंच. दहावा अध्याय संपतो तोच झाडांवर कुऱ्हाड पडते तिथे, आणि अकरावा सुरू होतो इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्यापासून. आपल्या वाडीत राजेळीचा घड उतरवून केळ तोडली तरी जीवाला घोर नसतो, बुडाशी मुनवा, नवा कोंब, उभा असतो. यशयाने बुंध्याला धुमारा फुटेल म्हटलं तेव्हा त्याच्यासमोर असा काही मुनवा नव्हता. तो सुखात बसून चित्र रंगवत नव्हता. फुरसं चावून पोरं मरतात, हे माहीत असलेल्या माणसानेच ती ओळ लिहिली आहे.

म्हणून कुणी तुला म्हणालं की देवाची इच्छा, त्याला फूल आवडलं, तर ऐकू नकोस. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण हे वाक्य कधी शिकवलं नाही. देवाची इच्छा काय आहे ते त्या अध्यायात लिहिलंय: बाळ खेळतंय आणि जिवंत आहे. तुझ्या वॉर्डात घडलं ते या इच्छेच्या उलट घडलं. तुला राग येतो तो त्या राज्याच्या बाजूने येतो.

आपल्याकडे आगमनकाळ, नाताळाआधीचे हे चार आठवडे, म्हणजे गोठा, तारा, करंज्या. मला हे सगळं आवडतं. पण १६ डिसेंबरपर्यंतची उपासना गोठ्याकडे फारशी बघतच नाही, ती प्रभूच्या पुन्हा येण्याकडे बघते. गव्हाणीतल्या बाळाची वाट १७ तारखेपासून सुरू होते. म्हणजे आधी आपण मोठ्याने कबूल करतो की राज्य अजून पुरतं आलेलं नाही. जांभळा रंग त्यासाठीच आहे.

आणि येत्या रविवारी काय आहे बघ. आगमनकाळाचा तिसरा, गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा रविवार. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. मृत समुद्राच्या पूर्वेला माखेरसचा किल्ला आहे, तिथे त्याला ठेवलं होतं असं इतिहासकार जोसिफस सांगतो. याच माणसाने यार्देनकाठी गर्जून सांगितलं होतं की झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे, येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो खळं साफ करणार. आता कोठडीत बसून त्याच्या कानावर येतं, येशू जकातदारांच्या पंक्तीला बसतो. त्याला कैदेत टाकणारा हेरोद मात्र गादीवर तसाच. मग तो शिष्यांकरवी विचारतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

येशूचं उत्तर नीट वाच. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. हे सगळे शब्द यशयाच्या पुस्तकाची आठवण करून देतात. पण यशयाच्या ६१व्या अध्यायात याच जोडीला बंदिवानांच्या सुटकेची ओळ आहे, आणि तीच येशू योहानाला सांगत नाही. योहानाला यशया पाठ असणार. गाळलेली ओळ त्याला लगेच कळली असेल. तो सुटला नाही, हेरोदाने त्याचा शिरच्छेद करवला, त्याचं डोकं तबकात गेलं.

मला या जागी अजूनही गलबलून येतं. येशूने त्याला खोटं आश्वासन दिलं नाही. आणि शंका घेतली म्हणून झिडकारलंही नाही. उलट निरोप घेऊन आलेले लोक वळताच तो जमावाला म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही.

माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी आगमनकाळात प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘तुझे राज्य येवो’ माझ्या तोंडून निघत नव्हतं. मी नुसती उभी राहायचे. शेजारची म्हातारी जरा जोरात म्हणायची, दोघींचं मिळून म्हणत असल्यासारखी. इस्टरपर्यंत असंच चाललं. तूही उभी राहा. बाकीचे म्हणतील.

आणखी एक. फुरशाच्या विषावरचं औषध आपल्याकडे आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पोर उशिरा आलं, आधी भगताकडे नेलं होतं, असं तू लिहिलंयस. पुढच्या कापणीआधी त्या पाड्यावर जाऊया. चावल्यावर हातपाय हलवू नये, चिरू नये, तडक दवाखाना गाठावा, हे तू सांग. आयाबायांना गोळा करायचं काम माझं. बॅटऱ्या आणि गमबूट यांचं मी धर्मग्रामात, आपल्या चर्चच्या लोकांत, बोलते.

रविवारी नाइट नसेल तर सातच्या मिस्साला ये. गुलाबी मेणबत्ती कुणी पेटवायची ते अजून ठरलेलं नाही, मी तुझं नाव सांगून ठेवलंय. नाइट असली तर तशीच ये, युनिफॉर्मवर. वाचनाच्या वेळी बाहेर जावंसं वाटलं तर मला खूण कर. मीही येते बाहेर.

तुझी,
टीचर