सिनेमात सर्वात जास्त परिणाम कशाचा होतो: संवाद, पार्श्वसंगीत की इतर आवाज?

माझ्या मते इतर आवाजांचा, म्हणजे ज्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही त्यांचा.

'शोले' (१९७५) आठवा. संवाद इतके गाजले की त्यांची वेगळी रेकॉर्ड निघाली. पण ठाकूरच्या घरच्यांना मारलं जातं तेव्हा रिकाम्या झोपाळ्याची करकर ऐकू येते, ती माझ्या अंगावर आजही काटा आणते. तिथे एखादा शोकाकुल संवाद टाकला असता तर प्रसंग हलका झाला असता.

हे आवाज बरेचदा नंतर स्टुडिओत तयार करतात. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आपटायची युक्ती जुनी. मी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभा राहून नीट ऐकलंय: मऊ मातीत टापांचा आवाज 'धप धप' असा दबका येतो, सिनेमातल्यासारखा टकटकीत नाही. तरी पडद्यावर तो टकटकीतच खरा वाटतो, कारण कानाला तशी सवय लागलीय.

संवादात मला शब्दांइतकाच हेल महत्त्वाचा वाटतो. धुळ्याकडचं पात्र पुस्तकी मराठीत बोललं की आमच्याकडचा प्रेक्षक तिथेच तुटतो. तेच 'कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?' (कुठे चाललास रे भाऊ?) असं तिथल्या अहिराणी बोलीत विचारलं की माणूस ओळखीचा होतो.

संगीताचं एवढंच सांगतो, ते कुठे थांबवलंय ते बघा. आवडता प्रसंग एकदा डोळे मिटून, एकदा आवाज बंद करून पाहा. फरक लगेच कळेल.