शिक्षिका म्हणतात, मुलगा ‘असिमिलेट’ होतोय

टोरांटोहून एका ताईंनी विचारलंय: शाळेच्या रिपोर्टात शिक्षिकेने लिहिलं, तुमचा मुलगा छान ‘असिमिलेट’ होतोय. आम्ही खूश. पण सांगलीला गावभागात माझे सासरे ते ऐकून गप्पच झाले. म्हणाले, “म्हणजे आपला राहिला नाही म्हणायचा.” यात वाईट काय आहे?

ताई, सासऱ्यांनी शब्द बरोबर पकडलाय. शाळेत आपण ‘सात्मीकरण’ शिकलो, ते हेच. पचलेलं अन्न शरीराचाच भाग होतं, खाल्लेली भाकरी मग वेगळी दाखवता येत नाही. अभ्यास डोक्यात मुरला, यासाठीही हेच क्रियापद चालतं आणि तिथे ते कौतुकाचंच. माणसांबाबत मात्र वेगळेपण पुसलं जाणं त्यात येतं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, पुढे नाव कृष्णेचंच.

कॅनडात तर या शब्दाला जुनी जखम आहे. तिथल्या मूळ रहिवाशांची दीड लाखाहून जास्त मुलं निवासी शाळांत घातली गेली. स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. हे सगळं ‘असिमिलेशन’च्या नावाखाली. 1971 मध्ये सरकारने बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं, त्याला जवळचा शब्द ‘इंटिग्रेट’: सामील व्हा, आपलं ठेवून. शिक्षिकेला बहुधा हेच म्हणायचं असेल. रिपोर्ट लिहिताना कोण एवढा कीस काढतं!

तरी भेटायला जाल तेव्हा नेमकं विचारा. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो? नाव पूर्ण सांगतो की कापून? पोळीभाजीचा डबा सगळ्यांसमोर उघडतो का?

डबा तसाच परत येत असेल तर रागावू नका, सँडविच द्या. पोळी रात्री आहेच. ढिलाई भाषेत नको. तो इंग्रजीत बोलला तरी तुमचं उत्तर मराठीतच.

आणि सासऱ्यांना कामाला लावा. “जेवलास का?” एवढ्यावर फोन संपतो, तिथेच मराठी आटते. पावसाळ्यात नातवाने त्यांना रोज सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी विचारायची आणि वहीत मांडायची. इशारा 40 फुटांवर, धोका 45 वर. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 च्याही वर गेलं होतं. त्या पुराचा विषय निघाला की फोन ठेवायची घाई सासरे करणार नाहीत. तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा इथे संध्याकाळ, वेळही जमते.