भुलीच्या आधी परत इंजेक्शन कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही खानापूरकडचे. आमची चंपी मुधोळ जातीची, ३ वर्षांची, पुढच्या आठवड्यात बेळगावला नेऊन तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करायचंय. रात्री ९ नंतर खायला काही द्यायचं नाही असं सांगितलंय पण सासूबाईंचा जीव राहत नाही, पहाटे अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली तर काय होतंय म्हणतात. आणि भुलीच्या आधी पण इंजेक्शन देतात म्हणे, म्हणजे दोनदा भूल का?

उत्तर : ताई, सासूबाईंची माया कळते हो, पण ती भाकरी त्या दिवशी नकोच. भूल चढली की गिळायची-खोकायची ताकद जाते, पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. दूधही अन्नातच धरा, पाणी मात्र निघेपर्यंत चालेल. चुकून कुणी काही घातलंच तर लपवू नका, ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

दोनदा भूल नाही ती. आधीच्याला प्रिमेडिकेशन म्हणतात, म्हणजे भुलीआधी शांत करायचं औषध. नवीन जागा, अनोळखी माणसं, कुत्रं थरथर कापत असतं, तसंच झोपवायला गेलं तर औषध जास्त लागतं. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचंच बघा, एरवी किलोला साधारण ६ मिलिग्रॅम, आधी शांत केलेल्या कुत्र्याला ४ किंवा त्याहून कमी. झायलाझिन हे शांत करायचं औषध दिलं तर पाच-दहा मिनिटांत चंपी ओठ चाटेल, लाळ गाळेल, मान खाली घालून ओकेलही, घाबरू नका, त्या औषधाने तसं होतं. ठोकेही मंदावतात, म्हणून काही डॉक्टर ठोके वाढवायला एट्रोपिन देतात.

आता मुधोळचं, हे मला मुद्दाम सांगायचंय. बरगड्या मोजता येतात असलं अंग, चरबी नाहीच. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध रक्तातनं निघून स्नायूंत आणि चरबीत मुरतं तेव्हा कुत्रं जागं होतं. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांत चरबी कमी आणि यकृतही ते सावकाश मोडतं, म्हणून ते रक्तात रेंगाळतं आणि ही कुत्री तासन् तास झोपूनच राहतात. म्हणून जात आधीच सांगा, आणि वजन अंदाजाने नको, काट्यावरच करायला लावा.

घरी आणल्यावर गार फरशीवर टाकू नका, खाली गोणपाट, वर जुनी गोधडी. एरवी कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ९९ च्या खाली गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन. हिरडी बोटाने दाबा, पांढरी होऊन २ सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. आपल्या पायावर न झोकांडता उभी राहिली की मग सासूबाईंच्या हातनं मऊ भात, मूठभरच.