चरबीतली सूज: गोळीने उतरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) वाढलंय, साखर काठावर आहे, आणि 'पोटाच्या चरबीत सूज (म्हणजे दाह, इन्फ्लमेशन) आहे' असं ऐकलंय, मग सूज उतरवायची गोळी किंवा सप्लिमेंट घेऊन साखर ताळ्यावर येईल का? माझं उत्तर: नाही. पण का, ते बघण्यासारखं आहे.

मी काही वर्षं ऊतींच्या स्लाइड तपासायच्या कामात होतो. चरबीची स्लाइड पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "यात तर काहीच नाही!" स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, मागे उरतात पेशींच्या पातळ कडा, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारख्या. लठ्ठ प्राण्याच्या चरबीत मात्र या पोळ्यातल्या एखाद्या घराभोवती बारीक निळ्या केंद्रकांचं कडं दिसतं. आम्ही त्याला 'मुकुट'च म्हणायचो. आत मेलेली चरबीपेशी, भोवती तिचा चिखल उपसणाऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. 2005 मध्ये साव्हेरिओ चिंती यांच्या गटाने दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीतल्या 90 टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज अशा मेलेल्या पेशींभोवतीच गोळा झालेल्या असतात. म्हणजे त्या उगाच घुसलेल्या नाहीत, कामावर आलेल्या आहेत.

सडपातळ शरीरातल्या चरबीतही त्या असतात, पण एकूण पेशींच्या 10 टक्क्यांहून कमी. लठ्ठ माणसांत हा आकडा 40 टक्क्यांच्या जवळ जातो, असा 2003 मधला अंदाज आहे. शिवाय सडपातळ चरबीत इओसिनोफिल आणि नियामक टी-पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी वातावरण थंड ठेवतात. वजन वाढलं की त्यांचं प्रमाण घटतं.

साखरेचा संबंध इथे येतो. या मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा नावाचं सूज वाढवणारं प्रथिन सोडतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत ते जास्त असतं आणि त्याला अडवलं की इन्सुलिन पुन्हा नीट काम करतं, हे होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी 1993 मध्येच दाखवलं होतं. इन्सुलिन पेशीच्या दारावर येतं, कडी वाजवतं, पण आतला निरोप्या, म्हणजे आयआरएस-1 हे प्रथिन, अडवला गेलेला असतो. मग चरबीपेशी साठा धरून ठेवत नाही, मेदाम्लं रक्तात सुटतात आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसतात. खरा घोटाळा तिथे होतो.

हे वाचून कुणालाही वाटेल, टीएनएफ अडवा आणि मोकळे व्हा. करून पाहिलंय. 1996 मध्ये टाइप 2 मधुमेहींना टीएनएफविरोधी अँटीबॉडी देऊन बघितली, इन्सुलिनच्या कामात फरक पडला नाही. 2017 च्या कँटोस चाचणीत 10 हजारांवर हृदयरुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना आयएल-1 बीटा हे सूज वाढवणारं दुसरं प्रथिन अडवणारं औषध दिलं, बाकीच्यांना नुसतं दिखाऊ इंजेक्शन. हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या, नवा मधुमेह मात्र टळला नाही. उंदरांत तर चरबीपेशींमधली सूज दाबल्यावर चरबीला नीट वाढताच आलं नाही आणि चरबी यकृतात साचली. थोडी सूज लागते. बाटलीवर 'अँटी-इन्फ्लमेटरी' छापून विकणारे हे सांगत नाहीत.

म्हणून लक्ष द्यायचं ते पेशी फुगून मरण्याकडे, म्हणजेच वजनाकडे. वजन उतरायला लागलं की सुरुवातीला सगळं आलबेल होतं असंही नाही: उंदरांत पहिल्या काही दिवसांत मॅक्रोफेज उलट वाढतात, कारण सुटलेली चरबी कुणीतरी उचलायला हवी. नंतर त्या घटतात.

आणि तुमचं सीआरपी. ते मुख्यतः यकृत बनवतं, चरबी नव्हे. साध्या सर्दीतही ते वर जातं. रक्त दिलं त्या आठवड्यात घसा धरला होता का, दाढ ठणकत होती का, ते आठवून बघा. असेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, मग पुढचं बोलू.