वाचकांचे प्रश्न : संशोधनात सहभागी व्हावे का?

प्रश्न : माझी मुलगी एम.ए. करते. तिच्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने झोप व स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक मागितले आहेत. तिने नाव द्यावे का?
– एक पालक, सातारा

उत्तर : जरूर द्यावे, कारण निरोगी माणसे पुढे आल्याशिवाय अशा अभ्यासांना तुलनेचा आधारच मिळत नाही. मात्र संमतीपत्रावर सही करण्याआधी तिने माहितीपत्रक सावकाश वाचावे. किती वेळ द्यायचा, कोणता त्रास संभवतो, उत्तरे कोण पाहणार आणि तक्रारीसाठी नैतिकता समितीत (संशोधन सहभागींच्या हिताचे आहे ना, हे तपासणारी समिती) कोणाशी बोलायचे, हे त्यात असायलाच हवे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्ती कारण न देता, कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडू शकते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शिकवणारे प्राध्यापकच संशोधक असतील तर नकार देणे जड जाते. गुणांचा किंवा हजेरीचा संबंध सहभागाशी जोडला जात असेल, तर तिने स्पष्ट नकार द्यावा. प्रवासखर्च घेण्यात गैर काही नाही. औषधाची चाचणी असल्यास ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदणी क्रमांक मागावा, ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे.